खंडेनवमीला फोल्डर रिकामा झाला

मी लोकांच्या फायली वर पाठवते. हे वाक्य लग्नकार्यात कुणाला सांगितलं की समोरची बाई आधी आकाशाकडं बघते आणि मग माझ्याकडं. तिचं काही चुकत नाही. 'वर' म्हणजे कुठं, हे मलाही कुणी बोट दाखवून सांगितलेलं नाही. कुठंतरी थंड खोलीत मोठाली यंत्रं चोवीस तास घरघरत असतात आणि कराडच्या माणसाचं कोटेशन त्यांच्या पोटात असतं, एवढं मला ठाऊक आहे. बाकी कुतूहल अजून शिल्लक आहे. ते संपलं असतं तर हा धंदा मी कधीच सोडला असता.

कराडात आधी माझा टायपिंगचा क्लास होता, मग कॉम्प्युटरचा. पोरं मोबाईलवरच सगळं शिकून यायला लागल्यावर तो बंद केला आणि स्कूटरवर फिरायला लागले. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत छोटे कारखाने, दवाखाने, हॉटेलं यांच्या फायली एका जागी आणून लावून द्यायच्या, हे माझं काम. सांगलीच्या डॉक्टरांना हे समजावून सांगावं लागत नाही. पुराचं पाणी चढायला लागलं की कॉम्प्युटर आधी उचलायचा की पेशंट, असा प्रश्न ज्याला एकदा पडलाय तो निमूट सही करतो. महाबळेश्वरच्या एका हॉटेलवाल्यानं मात्र मला तासभर बसवून घेतलं होतं. त्याच्याकडं पावसाळ्यात रजिस्टरांना बुरशी येते, गाद्यांना येते, भिंतींना येते. त्याला एवढंच जाणून घ्यायचं होतं, "मॅडम, वर पाऊस नसतो ना?" मी म्हटलं, नसतो. तो म्हणाला, "मग न्या."

ह्या कामात लोकांचे फोल्डर उघडावे लागतात, आणि माणूस फायलींना काय नावं देतो यावरून तो कसा आहे ते कळतं. मी वाचत नाही, पण नावं दिसतातच. आणि मी चौकस आहे, हे माझ्या नवऱ्याचं चारचौघांत सांगून झालेलं आहे.

उंब्रजच्या नानांच्या कॉम्प्युटरवर 'ट्रॉली', 'नवी ट्रॉली', 'नवी ट्रॉली खरी', 'खरी ट्रॉली हीच घ्यावी' आणि 'ह्याला हात लावू नये' अशा फायली होत्या. नाना फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. तिथं गाड्या दुरुस्त करायचे, आणि गावी येऊन हायवेच्या सर्व्हिस रोडला त्यांनी वर्कशॉप टाकलं. ऊस वाहायच्या ट्रॉल्या, नांगर, सऱ्या पाडायची अवजारं तिथं होतात. पूर्वी पत्र्यावर खडूनं रेघ मारून कापायचे. आता कटिंग मशीन आहे, आणि त्याला कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग लागतं. ही ड्रॉइंगं दीपाली काढायची. माहेर पलूसचं, सासर उंब्रजचं, पदरात एक लहान मुलगी. मुलगी आजारी पडली की दीपाली घरी बसून काम करायची आणि पेनड्राइव्हवर घालून सासऱ्यांच्या हातून पाठवायची. एकदा सासरे पेनड्राइव्ह खिशात ठेवून बाजारात गेले, परत येताना तो सापडेना. तेव्हा नानांनी मला बोलावलं.

मी नानांना सांगितलं ते इथंही सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. वर्कशॉपच्या लॅपटॉपवर एक फोल्डर, दीपालीच्या घरच्या लॅपटॉपवर तोच, आणि वर तोच. एका खोलीला तीन दारं असतात तसं. ह्या दारानं आत काही ठेवलं की बाकीच्या दोन्ही दारांतून दिसतं. आणि एका दारानं बाहेर काढलं की बाकीच्यांनाही खोली रिकामीच दिसते. लोकांना पहिला भाग फार आवडतो. दुसरा भाग मी सांगत असताना ते चहा मागवत असतात.

"प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड देऊ या," मी म्हटलं.

"कशाला? एक पलटण, एक नाव," नाना म्हणाले. "माझ्या नावानंच राहू द्या सगळं."

मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगायला गेले तर त्यांनी हिंदी सुरू केलं. फौजेतला माणूस हिंदीत शिरला की विषय संपला, हे मी ओळखून आहे. दोन्ही लॅपटॉप नानांच्या नावानं जोडले. वर जाताना त्यांच्या मोबाईलचे फोटोही जाऊ देत, असं त्यांनीच सांगितलं. नातवाचे फोटो सांभाळायचे होते. मग फायली वर जाईपर्यंत सुभेदार साहेब स्क्रीनसमोर हात मागं बांधून उभे राहिले. उंब्रजचं इंटरनेट त्या दिवसांत रांगत होतं. मी तिसऱ्या दिवशी गेले तेव्हाही ते तिथंच उभे होते, फक्त शर्ट बदलला होता.

हे श्रावणातलं. नवरात्रात दीपालीनं नानांना सांगितलं की तिला सांगलीच्या एका कारखान्यात नोकरी मिळतेय, पगार बरा आहे, नवऱ्याचीही बदली तिकडंच आहे, दिवाळीनंतर जाईन. नाना "बरं" म्हणाले. पण ऊस पट्ट्यात दसऱ्यापासून ट्रॉल्यांचा नुसता दंगा असतो. कारखान्यांची धुराडी पेटायच्या आत ट्रॉली पाहिजे म्हणून गिऱ्हाईक दारात बसून असतं. अशा वेळी ड्रॉइंग काढणारं माणूस जाणार म्हटल्यावर 'बरं' ह्या शब्दाला फार अर्थ नसतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच नानांचा फोन आला. "ताई, सगळं गेलं. एक बी फाईल न्हाई. लगेच या."

मी गेले तेव्हा गिऱ्हाईक बाकड्यावर, मशीन बंद, आणि दीपाली लॅपटॉपसमोर हात मांडीवर ठेवून बसलेली. फोल्डर होता, आत काही नव्हतं. तिनं घरचा लॅपटॉपही बरोबर आणला होता, तिथंही तेच. नाना दारात उभे होते, कुणाकडंच बघत नव्हते.

आता, पुसलेल्या फायली लगेच मरत नाहीत. वर एक केराची टोपली असते, त्यात त्या काही दिवस पडून राहतात. मी नानांच्या नावानं आत गेले, टोपली उघडली आणि सगळ्या परत आणल्या. काकूंनी, म्हणजे नानांच्या मंडळींनी, टाकलेला चहा यायच्या आत 'ह्याला हात लावू नये' आपल्या जागेवर हजर होती. असं झालं की लोक माझ्याकडं देवऋषी आल्यासारखं बघतात, आणि मला ते आवडतं, खोटं कशाला सांगू. पण इथं कुणी बघेना.

"आल्या सगळ्या," मी म्हटलं.

"आल्या," नाना म्हणाले. "पण गेल्या कशा, ते आमाला कळलंय."

तेव्हा मला समजलं की मला फोन करायच्या आधी नानांनी दुसरा एक फोन केला होता. सांगलीच्या त्या कारखान्याचे मालक नानांच्या ओळखीचे. त्यांना नाना म्हणाले होते की तुमी घेताय ती बाई जाता जाता आमचं सगळं पुसून चाललीय, विचार करून घ्या.

दीपाली त्यावर रडली नाही. ती माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "मॅडम, फायली परत आणल्या तुमी. नाना सकाळी फोनवर जे बोलले, ते परत आणता येतंय का बघा."

इतकी वर्षं लोकांचं हरवलेलं शोधून देते, पण असं काही कुणी मागितलं नव्हतं. फार वाईट वाटलं. आणि त्याच्याबरोबर, खरं सांगायचं तर, कुतूहलही जागं झालं. हिनं पुसलं नसेल, तर पुसलं कुणी?

वरची जागा एक गोष्ट चांगली करते. कुणी काय केलं त्याची नोंद ठेवते. मी ती काढली. सगळ्या फायली एका दमात पुसल्या गेल्या होत्या, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीच्या दुपारी. आणि पुसणाऱ्याचं नाव होतं नानांचं.

"नाना, ह्याच्या म्हणण्याप्रमाणं गुन्हेगार तुम्ही आहात," मी म्हटलं.

"माझं नाव सगळ्यांनाच दिलंय की तुमी," ते म्हणाले.

मी दिलं होतं की त्यांनी द्यायला लावलं होतं, हा वाद मी तिथं घातला नाही. नोंद एवढंच सांगत होती की नानांच्या नावानं कुणीतरी. वर्कशॉपमधून की घरच्या लॅपटॉपवरून, हे त्यात नव्हतं. दोन्ही लॅपटॉपच्या आपल्या टोपल्या असतात, त्याही बघितल्या, दोन्हीत सारखाच केर.

"त्या दुपारी तुम्ही कुठं होता?"

"पूजा करून शटर ओढलं, मागं घरी गेलो. आत कोण न्हाई. चावी दोघांकडंच, माझ्याकडं आन् हिच्याकडं."

"आणि तू?" मी दीपालीला विचारलं.

"एसटीत. पलूसला निघाले होते, दसऱ्याला."

"लॅपटॉप?"

तिनं आपल्या लॅपटॉपकडं बघितलं. "बरोबर होता. खोटं कशाला बोलू. एक ड्रॉइंग राहिलं होतं, ते माहेरी करावं म्हटलं."

नानांनी मान हलवली. आणि मी बघत होते, की ही बाई खरं बोलूनच जास्त अडकत चाललीय.

दुसरं कुणी असतं तर फायली मिळाल्या म्हणून स्कूटरला किक मारून निघालं असतं. माझं काम संपलंच होतं. पण मला बसवेना आणि जाववेना. आणखी काही गेलंय का बघू म्हणून मी वरच्या बाकीच्या जागा चाळायला लागले, आणि नानांच्या मोबाईलचे फोटो लागले. नातू, नातू, बैल, नातू. मग खंडेनवमी.

आमच्याकडं खंडेनवमीला ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा होते. शेतकरी विळा-कुदळ पुजतो, ड्रायव्हर गाडी. नानांनी वर्कशॉप धुऊन काढलं होतं. ड्रिल, ग्राइंडर, वेल्डिंगचा सेट, कटिंग मशीन, सगळ्यांना झेंडूच्या माळा. टेबलावर लॅपटॉप उघडा ठेवलेला, कडेला हळदकुंकू. मी तो फोटो मोठा केला. स्क्रीनवर आपला फोल्डर उघडलेला होता आणि आतली प्रत्येक फाईल निळी झालेली होती. फाईल निवडली की ती निळी होते. इथं सगळ्याच निवडलेल्या होत्या.

"नाना, हे सगळं निळं कुणी केलं?"

नाना चष्मा शोधायला लागले. उत्तर काकूंनी दिलं. "मीच सांगितलं ह्यास्नी. आवं ताई, बंद मशीनची काय पूजा करायची? उघडा म्हटलं, कामं दिसू द्या. मग कुठली तरी एकच फाईल निळी दिसाया लागली. म्हटलं एकीलाच नको, सगळ्यांना हळदकुंकू पोचलं पाहिजे. तर ह्यांनी दोन बोटं दाबली, सगळ्या निळ्या झाल्या. लय छान दिसत हुतं."

"तुमीच शिकवलंवतं," नाना म्हणाले. खरं होतं. एका दमात सगळं निवडायची ती दोन बटणं मी त्यांना श्रावणात शिकवली होती आणि ते खूष होऊन दिवसभर काहीही निळं करत बसले होते.

मी पुढचा फोटो बघितला. तो शेवटचा, दारात उभं राहून काढलेला, शटर ओढायच्या आधीचा. सगळ्या मशीनांपुढं विडा आणि नारळ. ड्रिलपुढं खाली, ग्राइंडरपुढं खाली. लॅपटॉपपुढं टेबलावर जागाच नव्हती, तिथं फुलांची परडी होती. लॅपटॉपचा नारळ कीबोर्डवर होता, उजव्या अंगाला, शेंडी स्क्रीनला टेकवून.

मी तो नारळ आणखी मोठा करून बघितला. मग काकूंना म्हटलं, "घरात नारळ आहे का?"

नानांना वाटलं मी आता नारळ उतरवून टाकणार. त्यांच्या तोंडावर तसं स्पष्ट दिसलं. मी आधी लॅपटॉप इंटरनेटपासून तोडला, काही ड्रॉइंगांच्या नकला एका वेगळ्या फोल्डरमध्ये घातल्या, दोन बोटांनी सगळ्या निळ्या केल्या. तेवढ्यात काकू नारळ घेऊन आल्या. "ठेवा," मी म्हटलं, "त्या दिवशी ठेवलात तसाच."

काकूंनी खाली विडा, वर नारळ, असा मनापासून ठेवला. बाकड्यावरचं गिऱ्हाईकही उठून बघायला आलं. काहीच झालं नाही. फायली निळ्याच्या निळ्या.

"बघा," नाना म्हणाले. "नारळ काय करतोय." आणि ते दीपालीकडं बघून पुढं काही बोलणार, एवढ्यात काकू म्हणाल्या, "आवं पर तवा शटर ओढलंवतं की. हे शटर ओढलं की सगळं वर्कशॉप हालतंय."

नाना बाहेर गेले. त्यांनी नेहमी ओढतात तसं, फौजी हातानं, शटर खाली आदळलं. आत अंधार झाला. काकू, दीपाली, मी आणि ते गिऱ्हाईक, चौघांच्या तोंडावर स्क्रीनचा उजेड. टेबल थरथरलं, विडा सरकला, नारळ वरच्या कोपऱ्याकडं किंचित कलला आणि तिथं टेकून बसला. पुसायचं बटण त्याच कोपऱ्यात असतं. आमच्या डोळ्यांदेखत सगळी ड्रॉइंगं गेली. पांढरा स्क्रीन राहिला.

दीपालीच्या तोंडून एक लांब श्वास आला. काकूंनी तोंडाला पदर लावला होता.

"काय झालं?" बाहेरून नानांचा आवाज आला. "आवं, काय झालं?"

शेवटी त्यांनीच शटर वर केलं, आत आले आणि वाकून स्क्रीन बघितला. मग नारळ बघितला. मग चष्मा काढून पुसत बसले. मी चांगली पंचवीसेक ऑफिसं लावून दिली आहेत, व्हायरस बघितले, विजेनं जळालेली मशीनं बघितली. उंदरानं खाल्लेली वायरही बघितली. पण देवाच्या नारळानं पुसलेला फोल्डर हा पहिलाच. मला हसू येत होतं, आणि दीपालीकडं बघितलं की हसता येत नव्हतं.

"नाना," ती म्हणाली, "आता फोन करा."

"करतो संध्याकाळी."

"न्हाई. आत्ता. सगळ्यांसमोर. सकाळी बी गिऱ्हाइकासमोरच केलावता."

नाना उभे राहिले. सुभेदाराला हुकूम द्यायची सवय असते, घ्यायची मोडलेली असते. पण त्यांनी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. "साहेब, सकाळी दीपालीबद्दल बोललो ते चूक हाय. तिनं काय केलं न्हाई." तिकडून विचारलं, मग कुणी पुसलं? नानांनी नारळाकडं बघितलं. एवढ्या लोकांत ते वाक्य उच्चारणं त्यांना जड गेलं असणार. "नारळानं," ते म्हणाले. पलीकडं असं हसू फुटलं की फोन टेबलावर वाजायला लागला. नाना तसेच ताठ उभे. हसू ओसरायची त्यांनी वाट बघितली आणि म्हणाले, "हसा साहेब, माझ्यावर हसा. पर पोरीचं नाव साफ हाय. मी घाई केली. चूक माझी." मग पलीकडचा माणूसही गंभीर झाला आणि म्हणाला, "ठरल्याप्रमाणं येऊ दे तिला."

काकूंना वाटलं आता मिटलं. त्या म्हणाल्या, "मग दिवाळीपतूर राहतीस नव्हं?"

"न्हाई काकू. राहिलेलं ड्रॉइंग पुरं करते आन् आजच पलूसला जाते, पोर तिथंच हाय." तिचा आवाज चढला नव्हता, पण त्यात बदल होणार नाही हे सगळ्यांना कळलं. नानांनीही आग्रह केला नाही. ती बसली, आणि नारळ बाजूला सरकवून तिनं संध्याकाळपर्यंत ते ट्रॉलीचं ड्रॉइंग पुरं केलं. मशीन चालू झालं, पत्रा कापला गेला, बाकड्यावरचं गिऱ्हाईक सुखी झालं. मीही थांबले. मला काम नव्हतं, पण शेवट बघितल्याशिवाय जाणं मला जमत नाही.

निघताना तिनं शटरची चावी टेबलावर ठेवली. मग मला म्हणाली, "मॅडम, माझ्या लॅपटॉपवरनं नानांचं नाव काढा. आन् पासवर्ड बदला, मी हितं असतानाच. उद्या आणखी काय गेलं तर माझ्याकडं बोट नको."

मी नाव काढलं. नाना एका बोटानं नवा पासवर्ड टाकायला बसले, तेव्हा ती मुद्दाम रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली. नानांना एकेक अक्षर शोधायला वेळ लागत होता. तेवढा वेळ ती हायवेवरच्या गाड्या बघत होती, आणि मला वाटतं नानांना त्या दिवशी सगळ्यात जास्त तेच लागलं. "बघितलंस तरी चालतंय गं," ते पुटपुटले. ती वळली नाही. तेव्हापासून एका नावावर दोन माणसं मी जोडून देत नाही, गिऱ्हाईक कितीही हिंदीत शिरलं तरी.

काकू आतून ताट घेऊन आल्या. लेक निघाली की मोकळ्या हातानं पाठवायची नसते. त्यांनी तिला कुंकू लावलं, ओटीत तांदूळ घातले, आणि इकडंतिकडं बघितलं. घरात दुसरा नारळ नव्हता. टेबलावरचाच तो उचलला आणि तशाच घुटमळल्या.

"द्या काकू," दीपाली म्हणाली. "हा कामावर ठेवण्यासारखा न्हाईच."

दिवसभरात पहिल्यांदा नाना हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "घरी जाऊन फोड. खोबरं पोरीला दे," ते म्हणाले.

"न्हाई नाना, एवढ्यात फोडत न्हाई. आधी सांगलीला नेऊन साहेबांना दाखवते."

तिनं तो नारळ लॅपटॉपच्या पिशवीत घातला, तळाला नाही, वर, शेंडी बाहेर दिसेल असा, आणि एसटी धरायला निघून गेली.